फुफ्फुसाच्या कॅन्सरचा आयएचसी रिपोर्ट: तुकडा काढण्यापासून औषध ठरेपर्यंत

फुफ्फुसातल्या गाठीची बायॉप्सी झाली की काही दिवसांनी घरच्यांच्या हातात आयएचसी रिपोर्टची, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रोटीनं रंगाने शोधणाऱ्या तपासणीची, दोन-तीन पानं येतात. अशा प्रत्येक प्रोटीनला मार्कर म्हणतात. टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह, एएलके निगेटिव्ह, पीडी-एल१ साठ टक्के. यातली प्रत्येक ओळ पुढच्या उपचाराचा एकेक निर्णय ठरवते, पण ती समजावून सांगायला ओपीडीत कुणाकडे वेळ नसतो. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीकडून येणारे नातेवाईक फाईल उघडून पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की हे पॉझिटिव्ह आलंय म्हणजे वाईट का? उत्तर आधीच देते. पॉझिटिव्ह म्हणजे ते प्रोटीन त्या पेशींत सापडलं, एवढंच. एएलके पॉझिटिव्ह आलेला रुग्ण तर बहुतेक वेळा औषधांच्या बाबतीत सुदैवी ठरतो.

खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने प्रत्यक्षात येतात त्याच क्रमाने दिल्या आहेत. क्रमाचा आग्रह धरण्याचं कारण साधं आहे. सुईने काढलेला तुकडा जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब असतो. प्रत्येक मार्करसाठी त्यातून एक काप खर्च होतो. चुकीच्या क्रमाने तपासण्या केल्या, तर महत्त्वाच्या प्रश्नाची पाळी येते तेव्हा तुकडा संपलेला असतो.

पहिली पायरी: बायॉप्सीच्या आधी

आपल्याकडे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे सर्वांत मौल्यवान महिने क्षयरोगाच्या संशयात जातात. एक्स-रेवर डाग, खोकला, वजन घटलेलं, एवढ्यावर टीबीच्या गोळ्या सुरू होतात. थुंकीत जंतू सापडले असतील तर उपचार योग्यच आहेत. पण थुंकीची तपासणी आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) दोन्ही निगेटिव्ह असताना गोळ्या चालू असतील आणि महिना-दीड महिन्यात डाग तसाच असेल किंवा वाढला असेल, तर सीटी स्कॅन आणि तुकड्याचा विषय घरच्यांनी स्वतः काढावा. टीबी आणि कॅन्सर एकाच फुफ्फुसात एकत्रही असतात, म्हणून जुना टीबी होऊन गेला आहे ही गोष्ट कॅन्सर नसल्याचा पुरावा होत नाही.

‘ते कधी बिडीसुद्धा ओढत नव्हते’ हाही पुरावा नव्हे. राधानगरी-शाहूवाडीच्या खेड्यांत आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायका, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत वर्षं काढलेले कामगार, यांचा धोका धूम्रपानाच्या हिशेबात धरला जात नाही. सिलिकाची धूळ फुफ्फुसाचा कॅन्सर घडवते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठामपणे मान्य केलं आहे. आणि ज्यांनी कधीच धूम्रपान केलं नाही अशा रुग्णांतच ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल अधिक सापडतात, म्हणजे गोळीने उपचार होण्याची शक्यता त्यांच्यात जास्त असते.

तुकडा कुठून घ्यायचा हे डॉक्टर ठरवतात, पण एक गोष्ट विनंतीपूर्वक सांगता येते: ‘शक्य असेल तर एकापेक्षा जास्त कोअर (सुईने काढलेले तुकडे) घ्या, पुढे मार्कर करायचे आहेत.’ फुफ्फुसाभोवती पाणी झालं असेल तर त्यातून आलेल्या पेशींचाही सेल ब्लॉक (पेशी गोळा करून मेणात बसवलेली वडी) बनतो आणि त्यावर जवळजवळ सगळे मार्कर होतात. त्यामुळे ते पाणी ओतून देऊ नये. निदान ५० ते १०० मिली पाणी प्रयोगशाळेत ताबडतोब जावं, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावं, फ्रीझरमध्ये नको. हाडातून तुकडा घेतला असेल तर तो मऊ करायला तीव्र आम्ल वापरू नये. आम्लात डीएनए खराब होतो आणि पुढची जनुकीय तपासणी वाया जाते. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरता येईल का, असं आधीच विचारावं.

दुसरी पायरी: फॉर्मलिन आणि वेळ

ही पायरी दुर्लक्षित राहते, आणि पुढचे अर्धे घोटाळे इथेच जन्माला येतात. तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्येच जायला हवा, सलाइनमध्ये नाही. द्रावण तुकड्याच्या निदान दहापट असावं. तुकडा फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. कमी राहिला तर प्रोटीन नीट टिकत नाही, खूप जास्त राहिला तर तपासणीत वापरायच्या अँटिबॉडीला ते ओळखता येत नाही. शनिवारी संध्याकाळी तालुक्याच्या गावी घेतलेला तुकडा सोमवारी सकाळी कोल्हापुरात पोचला तरी चालतं. तो मंगळवार-बुधवारपर्यंत बरणीत पडून राहिला तर चालत नाही. बरणीवर आणि फॉर्मवर बायॉप्सीची तारीख आणि वेळ लिहिली आहे ना, हे नेणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहावं. फॉर्मवर रुग्णाचा इतिहासही पूर्ण हवा. दहा वर्षांपूर्वी स्तनाचं किंवा थायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल तर ते लिहायलाच हवं. त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: कोणत्या प्रकारचा कॅन्सर

तुकडा मेणात बसवला की त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून आधी नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची स्लाइड होते. अनुभवी डोळ्याला पुष्कळ काही तिथेच दिसतं. पेशी ग्रंथींसारख्या रचल्या असतील तर अॅडेनोकार्सिनोमा, केराटिन (त्वचेत असतं ते प्रोटीन) दिसत असेल तर स्क्वॅमस, हे दोन मुख्य प्रकार. चित्र इतकं स्पष्ट असेल तर प्रकार ठरवण्यासाठी मार्कर करूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. तो काप पुढच्यासाठी वाचवावा.

चित्र स्पष्ट नसेल तेव्हा आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. एखाद्या प्रोटीनला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी कापावर टाकतात, आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटतो. रंग कुठे उमटला यालाही अर्थ आहे. टीटीएफ-१ आणि पी४० केंद्रकात दिसायला हवेत, नॅप्सिन-ए पेशीद्रव्यात दाण्यांसारखा, पीडी-एल१ पेशीच्या कडेवर. चुकीच्या जागी आलेला रंग धरायचा नसतो.

प्रकार ठरवायला दोनच मार्कर बहुधा पुरतात. टीटीएफ-१ पॉझिटिव्ह आणि पी४० निगेटिव्ह असेल तर अॅडेनोकार्सिनोमा. पी४० सगळीकडे ठळक आणि टीटीएफ-१ निगेटिव्ह असेल तर स्क्वॅमस. पूर्वी पी६३ वापरत असत, पण तो काही अॅडेनोकार्सिनोमांतही रंगतो, म्हणून आता पी४० जास्त विश्वासाचा. पी४० चार-दोन पेशींत फिकट दिसला तर त्यावरून स्क्वॅमस म्हणू नये. आणि टीटीएफ-१ निगेटिव्ह आला म्हणून अॅडेनोकार्सिनोमा नाही, असंही होत नाही. साधारण पाचातल्या एका अॅडेनोकार्सिनोमात तो नसतोच.

घरच्यांना हा फरक पुस्तकी वाटतो, पण तो थेट सलाइनच्या बाटलीपर्यंत पोचतो. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध अॅडेनोकार्सिनोमात चांगलं चालतं, स्क्वॅमसमध्ये त्याचा उपयोग होत नाही. बेव्हासिझुमॅब स्क्वॅमसमध्ये दिलं तर खोकल्यातून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

तिसरी शक्यता स्मॉल सेलची. फुफ्फुसाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ टक्के या जातीचे असतात. हा झपाट्याने पसरतो आणि त्याचा उपचार मुळातच वेगळा असतो. त्यासाठी सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६ आणि आयएनएसएम-१ हे मार्कर पाहतात. टीटीएफ-१ इथेही बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतो, म्हणून एकट्या टीटीएफ-१वरून अॅडेनोकार्सिनोमा ठरवणं धोक्याचं.

के-आय ६७ हा पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगतो. त्याचा खरा उपयोग चेंगरलेल्या तुकड्यात होतो. ब्रॉन्कोस्कोपीच्या (श्वासनळीत दुर्बीण घालून करतात त्या तपासणीच्या) चिमट्यात स्मॉल सेलच्या नाजूक पेशी चिरडतात, आणि कार्सिनॉइड नावाचा हळू वाढणारा ट्यूमरही चिरडल्यावर तसाच दिसतो. के-आय ६७ ऐंशी-नव्वद टक्के असेल तर स्मॉल सेल. पाच टक्क्यांच्या आसपास असेल तर कार्सिनॉइडचा विचार आधी करावा, कारण त्या रुग्णाला ऑपरेशनने बहुधा पूर्ण बरं करता येतं आणि जबर केमोची गरज नसते. अॅडेनोकार्सिनोमाच्या रिपोर्टात मात्र के-आय ६७ लिहिला असला तरी त्यावर औषध ठरत नाही. त्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका.

चौथी पायरी: गाठ फुफ्फुसाचीच आहे ना

फुफ्फुसात सापडलेली प्रत्येक गाठ फुफ्फुसात सुरू झालेली नसते. टीटीएफ-१ थायरॉइडच्या कॅन्सरमध्येही येतो, म्हणून शंका असेल तर पॅक्स-८ आणि थायरोग्लोब्युलिन पाहतात. आतड्याचा असेल तर सीके२० आणि सीडीएक्स-२, स्तनाचा असेल तर गाटा-३ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर. फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा असेल तर कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ येतात. यालाही अपवाद आहेत. फुफ्फुसाचाच म्युसिनस अॅडेनोकार्सिनोमा कधी टीटीएफ-१ निगेटिव्ह आणि सीके२० पॉझिटिव्ह येऊन आतड्याचं सोंग घेतो, तेव्हा मार्करपेक्षा सीटी आणि कोलोनोस्कोपी खरं सांगतात. म्हणूनच जुन्या ऑपरेशनची माहिती हवी असते. जुना ब्लॉक मिळाला तर तो शेजारी ठेवून पाहिल्यावर पाच-सहा मार्करांचं काम दोनांत होतं.

पाचवी पायरी: औषध ठरवणारे मार्कर

इथे घाई करू नये आणि कुणाला करूही देऊ नये.

एएलके. २००७ साली जपानी संशोधकांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईएमएल४ आणि एएलके ही दोन जनुकं एकमेकांना जोडली गेल्याचं दाखवलं. निरोगी फुफ्फुसात एएलके प्रोटीन नसतं, त्यामुळे ते दिसलं की अर्थ स्पष्ट असतो. डी५एफ३ या अँटिबॉडीने ट्यूमर पेशींत ठळक, दाणेदार रंग आला तर उत्तर पॉझिटिव्ह, आणि त्यावर फिश या जनुकांची जोडणी थेट पाहणाऱ्या तपासणीची वाट न पाहता औषध सुरू करता येतं. हे बदल शंभरात तीन ते पाच रुग्णांत सापडतात, तुलनेने तरुण आणि धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त. प्रमाण लहान वाटेल, पण मिळणारा लाभ बघा. २०१७च्या अॅलेक्स चाचणीत अॅलेक्टिनिब ही एएलकेवरची गोळी घेणाऱ्यांचा आजार क्रिझोटिनिब ही जुनी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त काळ आटोक्यात राहिला. लोरलॅटिनिब या आणखी नव्या गोळीच्या क्राउन चाचणीत तर पाच वर्षांनंतरही सुमारे ६० टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल असं वाक्य लिहिता येईल, असं वीस वर्षांपूर्वी कुणाला वाटलं नसतं.

आरओएस-१. हाही एएलकेसारखाच जनुकातला बदल, शंभरात एक-दोन रुग्णांत. इथे आयएचसी फक्त चाळणी आहे. पॉझिटिव्ह आला तर फिश किंवा एनजीएसने (अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी) खात्री करावीच लागते.

ईजीएफआर. इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे, म्हणून नीट वाचा. ईजीएफआरचं प्रोटीन आयएचसीत पॉझिटिव्ह आलं, याचा अर्थ ईजीएफआरची गोळी चालेल असा नाही. गोळी चालते ती जनुकातल्या बदलामुळे, मुख्यतः जनुकाच्या एक्सॉन १९ या भागातलं डिलीशन (तुकडा गळणं) आणि एक्सॉन २१ मधला एल८५८आर हा बदल. ते पाहायला त्याच ब्लॉकमधून डीएनए काढून पीसीआर (ठरावीक बदल शोधणारी डीएनए तपासणी) किंवा एनजीएस करावं लागतं. भारतीय अॅडेनोकार्सिनोमा रुग्णांत साधारण चारातल्या एकाला हा बदल असतो, म्हणजे ही तपासणी टाळणं म्हणजे चारातल्या एकाची गोळी हिरावून घेणं. रिपोर्टवर नुसतं ‘ईजीएफआर, आयएचसी’ असं लिहिलं असेल, तर ‘म्युटेशन तपासणी झाली का?’ हे विचाराच. बदल सापडला तर गेफिटिनिब, एर्लोटिनिब किंवा ओसिमेर्टिनिब. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरा चाचणीत ओसिमेर्टिनिबवर आजार १८.९ महिने थांबला, जुन्या गोळ्यांवर १०.२ महिने.

पीडी-एल१. हे प्रोटीन कॅन्सरच्या पेशी स्वतःच्या कडेवर मांडतात आणि त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी हल्ला न करता परत फिरतात. ही अडवणूक काढली तर शरीर स्वतः लढतं, या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं. रिपोर्टवर टीपीएस म्हणून टक्केवारी येते. शंभर ट्यूमर पेशींपैकी किती पेशींच्या कडेवर रंग आहे, फिकट असो वा गडद, तो हा आकडा. तीन कप्पे लक्षात ठेवा: १ टक्क्याहून कमी, १ ते ४९, आणि ५० किंवा जास्त. ५० किंवा जास्त असेल आणि ईजीएफआर-एएलके निगेटिव्ह असतील, तर केमोशिवाय एकटं पेम्ब्रोलिझुमॅब (ही अडवणूक काढणारं इम्युनोथेरपीचं औषध) हा पर्याय खुला होतो. २०१६च्या कीनोट-०२४ चाचणीने तो मार्ग दाखवला. खालच्या कप्प्यांत इम्युनोथेरपी बहुधा केमोच्या जोडीने देतात. शून्य आला म्हणजे दार बंद झालं असं नाही.

या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी रिपोर्टात तीन गोष्टी शोधा. कोणता क्लोन (अँटिबॉडीचा प्रकार) वापरला, २२सी३ की एसपी२६३ की दुसरा, कारण एसपी१४२ हा क्लोन ट्यूमर पेशींना कमी रंगवतो. तुकड्यात निदान १०० जिवंत ट्यूमर पेशी होत्या का. आणि ब्लॉक किती जुना आहे, कारण तीनेक वर्षांपेक्षा जुन्या ब्लॉकमध्ये पीडी-एल१ फिका पडतो. आपल्याकडच्या फुफ्फुसांत आणखी एक फसवणूक असते. मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी स्वतःच पीडी-एल१ने रंगतात, आणि जुन्या टीबीमुळे त्यांचा भरणा असेल तर त्या ट्यूमरमध्ये मोजल्या जाण्याचा धोका असतो. आकडा ४५ आणि ५५च्या मध्ये असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पाहायला हरकत नाही. मी स्वतः अशा स्लाइड सहकाऱ्याला दाखवते.

नवे मार्करही दाराशी आले आहेत. हर-२ आयएचसीत ३+ (सर्वांत ठळक) असेल तर ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान, आणि सी-मेट प्रोटीन खूप जास्त असेल तर टेलिसोटुझुमॅब व्हेडोटिन. दुसऱ्या औषधाला अमेरिकेत २०२५मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्या उपचारापूर्वी यांची घाई नसते.

स्क्वॅमस असेल तर पीडी-एल१ करायचाच. रुग्णाने कधी धूम्रपान केलं नसेल किंवा तुकडा फार लहान असेल, तर ईजीएफआर-एएलकेही करावेत. ऑपरेशन करून गाठ पूर्ण काढली असेल तरी या तपासण्या लागतात. अॅडॉरा चाचणीत ईजीएफआरचा बदल असलेल्यांत ऑपरेशननंतर ओसिमेर्टिनिब घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, न घेणाऱ्यांत ७८ टक्के.

सहावी पायरी: सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबणं

पीडी-एल१ दोन-तीन दिवसांत येतो, ईजीएफआरला आठवडा-दोन आठवडे लागतात. मधल्या काळात ‘पीडी-एल१ नव्वद आहे, इम्युनोथेरपी सुरू करू’ असा मोह होतो. तो आवरावा. ईजीएफआर किंवा एएलके पॉझिटिव्ह ट्यूमरवर इम्युनोथेरपीचा परिणाम कमी असतो. शिवाय ती दिल्यानंतर लगेच ओसिमेर्टिनिब सुरू करावं लागलं, तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. रुग्णाला धाप लागली असेल आणि थांबणं शक्यच नसेल, तर ऑन्कोलॉजिस्ट पहिली सायकल नुसत्या केमोची देऊन वेळ काढू शकतात. हा पर्याय आहे का, हे जरूर विचारा.

सातवी पायरी: ब्लॉक सांभाळणं

पुढच्या मतासाठी मुंबईला टाटाला जायचं असेल तर नुसता कागद नेऊन भागत नाही. ब्लॉक, मूळ स्लाइड आणि रिपोर्टची प्रत असं तिन्ही प्रयोगशाळेकडून सही करून मागून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर वितळायला वेळ लागत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसने जाताना तो हातातल्या पिशवीत, डबीत घालून न्या. बॅगेत कपड्यांखाली दाबू नका. एकाच वेळी सगळे काप काढून घेतले तर ब्लॉक कमी झिजतो, कारण मशीनवर नव्याने बसवताना प्रत्येक वेळी थोडा ऊतक वाया जातो. म्हणून डॉक्टरांना ‘एएलके, आरओएस-१, पीडी-एल१ आणि ईजीएफआर एकदमच सांगाल का?’ असं विचारावं.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यात कोणती तपासणी आणि कोणतं औषध बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तपासणीच्या आधी विचारा, नंतर नाही. काही औषध कंपन्या ईजीएफआर, एएलकेच्या तपासण्या स्वखर्चाने करून देतात. त्यासाठीचा फॉर्म ऑन्कोलॉजिस्टकडे असतो. गेफिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या परवडणाऱ्या दरात मिळतात. ओसिमेर्टिनिबवरचं सीमाशुल्क केंद्राने २०२४मध्ये काढलं.

रक्तातले सीईए, सायफ्रा, एनएसई हे मार्कर यांच्यात मिसळू नका. चेकअपच्या पॅकेजमध्ये सीईए थोडा वाढलेला दिसला म्हणून कॅन्सर ठरत नाही, आणि नॉर्मल आला म्हणून डाग निर्धोकही ठरत नाही. निदान तुकड्यावरच होतं.

आठवी पायरी: आजार पुन्हा वाढला तर

गोळी वर्ष-दोन वर्षं छान चालते आणि मग स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसते. अशा वेळी जुन्या रिपोर्टवर नवा उपचार ठरवू नये. ट्यूमर बदललेला असतो. गेफिटिनिबनंतर टी७९०एम हा नवा बदल आला असेल तर ओसिमेर्टिनिब चालतं, आणि तो कित्येकदा रक्तातल्या डीएनएवरूनही कळतो. पण रक्ताच्या तपासणीत एक गोष्ट सापडत नाही. काही थोड्या रुग्णांत ईजीएफआरचा बदल असलेला अॅडेनोकार्सिनोमा चक्क स्मॉल सेलमध्ये रूपांतरित होतो. तो ओळखायला पुन्हा तुकडाच लागतो आणि त्यावर सिनॅप्टोफायसिन, आयएनएसएम-१, के-आय ६७ पुन्हा करावे लागतात. स्मॉल सेल निघाला तर केमोही बदलते. गोळ्यांवर असताना आजार अचानक वेगाने पसरू लागला, तर दुसऱ्या बायॉप्सीला नकार देऊ नका. तो तुकडा पाठवताना फॉर्मवर पहिल्या बायॉप्सीचा नंबर, कोणती गोळी किती महिने चालली आणि कधी थांबली, हे लिहून द्या. पहिला ब्लॉक सोबत पाठवलात तर आम्हाला दोन्ही स्लाइड एकाच मायक्रोस्कोपखाली तपासता येतात.